कॉन्स्टेलेशन विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती

कॉन्स्टेलेशन विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती : लॉकहीड या अमेरिकी कंपनीने बनवलेल्या कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, न उडणारी प्रतिकृती. ती बहुधा पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या जोडसंचापासून (किट) तयार करतात. सुटे भाग जोडले की प्रतिकृती उभी राहते. मात्र या छंदात ‘प्रतिकृती पूर्ण झाली’ असे त्यानंतरचे काम संपल्यावरच म्हणतात. ते काम म्हणजे धडाची वळणे दुरुस्त करणे, धातूची झळाळी आणणे आणि विशिष्ट कंपनीचे, विशिष्ट वर्षातील, नोंदणी क्रमांकासह एकच एक विमान उभे करणे. ज्येष्ठ छंदिष्टांमध्ये या विमानाला ‘कॉनी’ म्हणतात.

मूळ विमान ९ जानेवारी १९४३ रोजी पहिल्यांदा उडाले. १९५८ पर्यंत सर्व प्रकार मिळून अशी ८५६ विमाने बांधली गेली. एल-०४९, एल-७४९, लांबवलेले एल-१०४९ (सुपर कॉन्स्टेलेशन) आणि नव्या पंखांचे एल-१६४९ (स्टारलायनर) हे त्याचे मुख्य प्रकार होत. शेवटच्या प्रकाराचे जोडसंच विरळ आहेत, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः ७४९ व १०४९ यांच्याविषयी आहे.

प्रमाण : कॉन्स्टेलेशनचे प्लॅस्टिक संच मुख्यतः १:७२ व १:१४४ या दोन प्रमाणांत मिळतात. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १२३ फूट (सु. ३७.५ मी.) आहे. म्हणजे पहिल्या प्रमाणात प्रतिकृती सु. ५२ सेंमी. रुंद होते आणि दुसऱ्यात सु. २६ सेंमी. पहिलीला स्वतंत्र काचपेटी लागते, दुसरी पुस्तकांच्या फळीवर मावते. प्रवासी विमानांच्या छंदात १:१४४ रूढ होण्यामागे जागेचे हे साधे गणित असावे.

१:७२ या प्रमाणाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. इंचाच्या पट्टीवर १ इंच म्हणजे ६ फूट, हा त्याचा अर्थ. यावरून ‘सहा फुटी माणूस एक इंचाचा व्हावा म्हणून हे प्रमाण निवडले’ असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. हिशेब म्हणून ते बिनचूक आहे. कारण म्हणून ते मागाहून जोडलेले असण्याची शक्यता अधिक वाटते. रेखाटनाची सोय हेच मूळ कारण मानणे सयुक्तिक होईल. दुसरे मत या प्रमाणाचे श्रेय दुसऱ्या महायुद्धाला देते. युद्धकाळात शत्रूची आणि स्वतःची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ब्रिटन व अमेरिकेत काळ्या रंगाच्या प्रतिकृती वापरत. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून अशा पाच लाख प्रतिकृती करून घेण्याची मोहीम काढली होती. ३५ फुटांवरून पाहिलेली १:७२ ची प्रतिकृती जवळपास अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते (३५ × ७२ = २,५२० फूट), म्हणून हे प्रमाण सोयीचे ठरले. पण युद्धाने हे प्रमाण निर्माण केले असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये १९३२ च्या सुमारास निघालेले ‘स्कायबर्ड्‌स’ हे लाकडी संच याच प्रमाणात होते आणि त्यांची आखणी जेम्स हे स्टीव्हन्स यांची मानली जाते. १९३६ मध्ये आलेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या प्लॅस्टिक संचांनीही तेच प्रमाण घेतले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे असत. हे प्लॅस्टिक कालांतराने वाकते, त्यामुळे त्यांतले सरळ पंखांचे नमुने आज दुर्मिळ आहेत. तेव्हा प्रमाणाचा उगम छंदात आणि प्रसार युद्धात, असे म्हणणे अधिक योग्य.

१:१४४ हे सरळसरळ १:७२ चे निम्मे, म्हणजे १ इंचाला १२ फूट. बाहुलीघरांच्या छंदात १:१२ हे प्रमाण चालते आणि त्या घरातल्या बाहुलीच्या खेळण्यातले घर पुन्हा १:१२ केले की १:१४४ येते. हा निव्वळ योगायोग आहे. प्रवासी विमानांपुरते पाहिले तर १९६० च्या दशकात एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या संचांनी हे प्रमाण रुजवले. त्याआधीच्या अमेरिकी संचांना निश्चित प्रमाण नसे. खोका ठरलेल्या मापाचा असे आणि विमान त्यात बसेल एवढे लहान केले जाई. म्हणून १९५० च्या दशकातील दोन संच शेजारी ठेवले, तर चार इंजिनांचे विमान दोन इंजिनांच्या विमानाएवढेच दिसू शकते. फ्रेंच कंपनी हेलरने काही मोठी प्रवासी विमाने १:१२५ मध्ये काढली आणि जपानी हासेगावाने १:२०० मध्ये. हेलरची कॉन्स्टेलेशन मात्र १:७२ मध्येच आहेत. १:७२ मध्ये काम करणाऱ्यांना आजही बहुतेक वेळा त्याच साच्यांकडे वळावे लागते.

धडाचा आकार : बहुतेक प्रवासी विमानांचे धड म्हणजे एक नळकांडे, पुढे नाक आणि मागे शेपूट जोडलेले. कॉन्स्टेलेशनचे तसे नाही. त्याचा आडवा छेद सर्वत्र वर्तुळाकार असला तरी व्यास सतत बदलतो आणि मध्यरेषाही वाकलेली आहे. नाक खाली झुकते, शेपूट वर चढते. परिणामी धडाच्या सांगाड्यातील लागोपाठच्या कड्या सारख्या मापाच्या नसत आणि कारखान्यात हे धड महाग पडे.

हा आकार आला कोठून, याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. टीडब्ल्यूए या अमेरिकी विमानकंपनीतर्फे तिचे प्रमुख भागधारक हॉवर्ड ह्यूझ यांनी १९३९ मध्ये लांब पल्ल्याच्या विमानाची मागणी नोंदवली, एवढे निर्विवाद आहे. त्यापुढे जाऊन धडाची रेषा ह्यूझ यांनी स्वतः काढली, असे लोकप्रिय वाङ्‌मयात आढळते. लॉकहीडचे अभियंते हॉल हिबर्ड व क्लेरेन्स ‘केली’ जॉन्सन यांच्या चमूने रचना केली, हे मत अधिक विश्वसनीय वाटते. ह्यूझ यांचा वाटा मागणी आणि आग्रह यांपुरता धरावा. नाक खाली का झुकवले, यालाही दोन उत्तरे दिली जातात : पुढच्या चाकाचा खांब आखूड राहावा आणि धड हवेच्या प्रवाहाला अनुसरून असावे. मोठ्या प्रोपेलरांमुळे विमान जमिनीपासून उंच उभे राहते हे पाहता पहिले कारण टाळता येत नाही. दुसरे त्याला पूरक असावे. तीन उभ्या सुकाणूंची शेपूट ही त्या काळातील हँगरच्या दारांच्या उंचीत विमान मावावे म्हणून, याबद्दल फारसे दुमत नाही.

प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद केवळ ऐतिहासिक नाही. संचातील धड उजव्या-डाव्या अशा दोन अर्ध्या भागांत येते आणि सांधा नेमका पाठीवरून व पोटावरून जातो. सांध्यात लांबी (फटी बुजवण्याचा लगदा, पुट्टी) भरून पॉलिश पेपरने घासले की तेथे एक चपटी पट्टी तयार होते. नळकांड्याच्या विमानात ती खपून जाते. येथे वळण कोठेच सरळ नसल्याने प्रकाश पडताच ती उघडी पडते. घासताना कागद कठीण ठोकळ्यावर न गुंडाळता मऊ स्पंजावर गुंडाळावा आणि हात धडाच्या लांबीने न फिरवता आडवा, घेराच्या दिशेने फिरवावा. रंग देण्यापूर्वी दिव्यासमोर धरून भिंतीवरील सावलीची कड तपासली तर दोष लवकर सापडतो.

नाकात वजन घालण्याचा विसर पडला, तर तयार प्रतिकृती शेपटीवर बसते. त्यासाठी शिशाचे छर्रे वापरण्याची प्रथा आहे. ते पांढऱ्या गोंदाने (पीव्हीए) चिकटवू नयेत. बंद पोकळीत शिसे आणि हा गोंद यांची रासायनिक क्रिया होऊन फुगणारा पांढरा क्षार तयार होतो आणि काही वर्षांनी धडाचा सांधा उकलतो. अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद येथे सुरक्षित.

प्रकारांतील फरक व रूपांतर : १०४९ चे धड ७४९ पेक्षा १८ फूट ४ इंच लांब आहे, १:१४४ मध्ये हा फरक सु. ३.९ सेंमी. भरतो. तेवढा तुकडा पंखांच्या पुढून व मागून कापला की सुपर कॉन्स्टेलेशनपासून साधे कॉन्स्टेलेशन होईल, असा समज नवशिक्यांमध्ये दिसतो. तो अपुरा आहे. ७४९ च्या खिडक्या गोल आहेत, १०४९ च्या चौकोनी; १०४९ च्या वैमानिककक्षाची समोरची काच उंच आहे आणि शेपटीची उभी सुकाणूही वाढवलेली आहेत. पुढील काळात अनेक विमानांच्या नाकावर हवामान-रडारचे टोपण आले, त्यामुळे एकाच विमानाची लांबी वर्षागणिक वेगळी भरू शकते. पंखांच्या टोकांवरील इंधनटाक्याही सर्वच विमानांना नव्हत्या.

कापाकापीचा हा मार्ग खुद्द लॉकहीडने अवलंबला होता. १९४३ मध्ये उडालेले पहिलेच कॉन्स्टेलेशन कंपनीने ह्यूझ यांच्याकडून परत विकत घेतले, कापून लांबवले आणि १३ ऑक्टोबर १९५० रोजी सुपर कॉन्स्टेलेशनचा पहिला नमुना म्हणून उडवले.

धातूचे कातडे : मूळ विमानाचा मोठा भाग रंगाविना असे. त्याचा पत्रा ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. गंजू नये म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला. या पत्र्याला ‘ॲलक्लॅड’ म्हणतात आणि छंदातील एका प्रसिद्ध धातुरंगाने हेच नाव उचलले आहे. प्रतिकृतीवर ही झळाळी आणण्याच्या पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत पातळ ॲल्युमिनियमची वर्खी चिकटवतात. स्वयंपाकघरातील फॉइलही चालते. ती सु. ०.०१५ मिमी. जाड असते, म्हणजे १४४ ने गुणल्यास सु. २ मिमी. : खऱ्या पत्र्यापेक्षा जाड, पण फार विजोड नाही. सपाट पंखांवर वर्खी उत्तम बसते. कॉन्स्टेलेशनच्या धडावर मात्र वक्रता एकाच वेळी दोन दिशांनी असल्याने तिला सुरकुत्या पडतात. घेराच्या दिशेने अरुंद पट्ट्या कापून, खऱ्या पत्र्यांच्या जोडरेषांवरच त्यांचे काठ आणणे हा त्यावरचा उपाय. त्याला वेळ फार लागतो, पण निष्पत्ती खऱ्या विमानाच्या बांधणीशी सर्वांत जवळची असते.

दुसरी पद्धत एअरब्रशची (दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारे उपकरण). आधी चकचकीत काळा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर धातुरंगाचे अगदी विरळ फवारे मारायचे. खालचा काळा थर आरशासारखा गुळगुळीत नसेल तर वरचा धातू राखाडी दिसतो. चकाकी वाढवते ती जुनी चूकही दाखवते. लांबी भरताना राहिलेला केसाएवढा ओरखडा येथे दिसतो. सर्व पत्रे एकाच छटेचे ठेवणे चूक समजतात, कारण मूळ विमानात वेगवेगळे पत्रे वेगवेगळ्या कोनांतून वेगळे चमकतात. काही पत्र्यांभोवती मास्किंग टेप लावून थोडी गडद वा मळकट छटा देतात. हे प्रमाणात करावे, नाहीतर विमान गोधडीसारखे दिसू लागते.

जुन्या संचांत पत्र्यांच्या जोडरेषा उठावाच्या असत, नव्यांत त्या कोरलेल्या असतात. उठाव घासून टाकून नव्या रेषा कोरण्याचा आग्रह बराच आहे. पण ०.२ मिमी. रुंदीची कोरीव रेषा १:१४४ मध्ये सु. २.९ सेंमी. रुंदीच्या चरासारखी होते आणि अशी चर कोणत्याही प्रवासी विमानावर नव्हती. बारीक पेन्सिलीची रेषा बऱ्याच ठिकाणी पुरेशी ठरते.

पंख व शेपटी यांच्या पुढच्या कडांवरील बर्फनिवारक रबरी पट्ट्या काळ्या असतात. त्या चकचकीत नव्हे, मंद काळ्या द्याव्यात. इंजिनांमागे तेलाचे व धुराचे डाग दाखवणे या विमानाला शोभते. त्याची १८ सिलिंडरांची राइट इंजिने वाटेत बंद पडण्याबद्दल इतकी ख्यात होती की त्याला गमतीने ‘जगातले सर्वोत्तम तीन इंजिनांचे विमान’ म्हणत. रेडिओच्या तारांसाठी संचाच्या चौकटीचा प्लॅस्टिक तुकडा मेणबत्तीवर मऊ करून केसासारखा ताणतात.

एअर इंडियाची विमाने : मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रतिकृतींपैकी एअर इंडिया इंटरनॅशनलची एल-७४९ विशेष होत. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ (व्हीटी-सीक्यूपी) या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनची सेवा सुरू केली. ताफ्यातील विमानांना अशीच नावे होती. त्यांत ‘मराठा प्रिन्सेस’ही होते. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. ‘काश्मीर प्रिन्सेस’ ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जकार्ताला जाताना बॉम्बस्फोटामुळे समुद्रात पडले. कंपनीचे वर्तुळातील धनुर्धारी हे जुने चिन्हही कॉन्स्टेलेशनशी जोडले जाते : कॉन्स्टेलेशन म्हणजे तारकासमूह, आणि धनू हा त्यांतलाच एक.

नाव व नोंदणी क्रमांक पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रपट्ट्यांनी (डेकल) लावतात. एअर इंडियाच्या पट्ट्या संचात क्वचितच असतात. त्या वेगळ्या मिळवाव्या वा छापून घ्याव्या लागतात. जुन्या पट्ट्या पिवळ्या पडल्या असतील तर खिडकीच्या काचेला आतून लावून काही दिवस उन्हात ठेवल्यास पिवळेपणा कमी होतो. कोणतेही विमान करताना तारीख आधी ठरवावी आणि त्या तारखेच्या जवळचे छायाचित्र समोर ठेवावे, कारण एकाच विमानाची रंगसंगती सेवेच्या काळात बदलत असे.

भारतात : येथे एअरोमॉडेलिंग हा शब्द बहुधा बाल्सा लाकडाच्या उडत्या प्रतिकृतींसाठी वापरतात आणि एनसीसीच्या हवाई विभागात तो प्रशिक्षणाचा भाग आहे. प्लॅस्टिकच्या स्थिर प्रतिकृतींचे संच मुख्यतः आयात केलेले असतात. किनारपट्टीवर पावसाळ्यात लॅकर जातीचे धातुरंग फवारू नयेत. हवेतील दमटपणामुळे थरावर दुधाळ झाक येते आणि काळ्या थरापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.