स्तरनिहाय अध्यापन

प्राथमिक शाळेतील मुलांचे गट इयत्तेवरून किंवा वयावरून न करता, त्यांना प्रत्यक्ष काय वाचता येते आणि कोणती गणिते सुटतात हे पाहून करण्याची आणि तिथूनच पुढे शिकवण्याची पद्धती. ती मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वापरली जाते. दिवसातला एखादा-दोन तास पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले जाते आणि तेवढ्या वेळेपुरती तिसरीतली आणि पाचवीतली मुले एकाच गटात बसू शकतात. मुंबईतील ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून ही पद्धती घडली. शाळेत काय केल्याने मुले खरोखर शिकतात, या विषयावरील संशोधनात इतकी वर्षे आणि इतक्या ठिकाणी तपासल्या गेलेल्या पद्धती फार थोड्या आहेत.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात, युनिसेफ आणि मुंबई महानगरपालिकेच्या साहाय्याने ‘प्रथम’ सुरू केली. आरंभीचे काम वस्त्यांमधल्या बालवाड्यांचे होते. पालिकेच्या शाळांत डोकावल्यावर वेगळाच प्रश्न समोर आला : मुले रोज शाळेत येतात, वरच्या वर्गात जातात, पण तिसरी-चौथीतल्या कित्येकांना साधे वाक्यही वाचता येत नाही. त्यावर ‘बालसखी’ हा उपाय निघाला. वस्तीतलीच, माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेली तरुणी निवडायची, तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि मागे पडलेली पंधरा-वीस मुले शाळेच्याच वेळात रोज दोन तास तिच्याकडे सोपवायची. मानधन महिना 500 ते 750 रुपये. शाळेत जागा नसेल तर व्हरांड्यात वर्ग भरे.

या उपक्रमाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदरा येथे केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. त्यामुळे बालसखी मिळालेली आणि न मिळालेली मुले एरवी सारखीच होती आणि गुणांतला फरक उपक्रमाचाच म्हणता आला. पहिल्या वर्षी तो सुमारे 0.14 प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) इतका होता, दुसऱ्या वर्षी 0.28. यापेक्षा बोलका निष्कर्ष आत दडलेला होता. मागे पडलेली मुले बाहेर गेल्यावर शिक्षकाच्या वर्गात उरलेल्या मुलांची संख्या घटली, गतीही सारखी झाली. तरी त्या मुलांच्या गुणांत दखल घेण्याजोगी वाढ दिसली नाही. फायदा जवळजवळ सगळा बालसखीकडे गेलेल्यांनाच झाला. वर्गातला पट कमी केला की शिकणे आपोआप सुधारते, या आपल्याकडच्या आवडत्या समजुतीला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला.

पद्धतीची सुरुवात तपासणीने होते. शिक्षक किंवा स्वयंसेवक एकेका मुलाला जवळ बसवून एक कागद पुढे ठेवतो. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल जिथपर्यंत सहज पोचते तो त्याचा स्तर : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद किंवा गोष्ट. गणितात एक अंकी आणि दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे अशा पायऱ्या असतात. एका मुलाला काही मिनिटे पुरतात. हाच साधा कागद ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात 2005 पासून गावोगाव घरात जाऊन वापरला गेला, आणि निकाल सांगायला कोणत्याही गुणपत्रिकेची गरज उरली नाही. 2024 च्या ‘असर’नुसार ग्रामीण भारतात तिसरीतली 27.1 टक्के मुलेच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. 2022 मध्ये, करोनातील शाळाबंदीनंतर, हे प्रमाण 20.5 टक्क्यांवर घसरले होते.

स्तर कळला की गट पाडतात. अक्षर स्तरावरच्या गटात बाराखडीचा तक्ता मध्यवर्ती असतो. मुले तो रोज आडवा-उभा वाचतात, त्यातली अक्षरे शोधून आपल्या नावाचे, भाजीचे, गावाचे शब्द बनवतात, जमिनीवर खडूने लिहितात. मात्र अक्षरे येईपर्यंत गोष्ट थांबवून ठेवलेली नसते. शिक्षक मोठ्याने गोष्ट वाचतो, मुले बोट ठेवत मागून वाचतात, त्यावर गप्पा होतात, मनात येईल ते लिहिले किंवा काढले जाते. गणितात काड्यांचे सुटे आणि गठ्ठे, खेळातल्या नोटा, तोंडी उदाहरणे. काही आठवड्यांनी पुन्हा तोच कागद, आणि पुढे गेलेले मूल पुढच्या गटात. गट पक्के न होणे हा यातला कळीचा भाग आहे. वर्षभर तेच मूल ‘ढ’ गटात बसून राहिले, तर ते स्तरनिहाय अध्यापन नव्हे, जुनीच ‘अ’ आणि ‘ड’ तुकडी.

बालसखीच्या यशाचा सोपा अर्थ असा लावला गेला की मानधनावरची तरुणी पगारी शिक्षकापेक्षा चांगले शिकवते. पुढच्या प्रयोगांनी तो खोडून काढला. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावसभा घेऊन पालकांना शाळेची माहिती आणि त्यांचे हक्क सांगितले, तर त्याने ना शाळा बदलली ना मुलांचे वाचन. गावातल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या वाचनवर्गांना जी मुले आली त्यांना मात्र लक्षणीय फायदा झाला. अडचण एवढीच की गावातली बरीच मुले आलीच नाहीत. सगळ्या मुलांपर्यंत पोचायचे तर शाळेतूनच जावे लागणार होते.

बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनीच या पद्धतीने वर्ग घेतले आणि मुले पुढे गेली. शाळा उघडल्यावर त्याच राज्यात साहित्य दिले, प्रशिक्षण दिले, तरी परिणाम शून्याजवळ. शिक्षक तेच, मुले तीच. फरक असा की सुटीत पोर्शन संपवायचा नव्हता. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकापुढे पाठ्यपुस्तक होते, वेळापत्रक होते आणि तपासणीला येणारा अधिकारी कितवा धडा चालू आहे हेच विचारत होता. नवे साहित्य त्या गाड्याला जुंपले गेले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 24 व्या कलमात ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. मूल जिथे आहे तिथून सुरू करा असे सांगणारे परिपत्रक आणि हे कलम एकाच शिक्षकाच्या टेबलावर पडते, तेव्हा तो कशाला घाबरेल हे सांगायला संशोधक लागत नाही.

हरियाणात 2012-13 मध्ये हा धडा लक्षात घेऊन रचना केली गेली. दिवसातला एक तास या कामासाठीच राखला, तेवढ्या तासापुरती इयत्ता मोडून गट केले, आणि शाळांना भेट देणाऱ्या पर्यवेक्षकांना आधी स्वतः काही दिवस असे वर्ग घ्यायला लावले. भाषेत सुमारे 0.15 प्रमाण विचलन इतकी सुधारणा दिसली. त्याच राज्यात तपासलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर प्रत्येक मुलाच्या नोंदी ठेवत जाण्याच्या पद्धतीचा, मुलांच्या शिकण्यावर परिणाम आढळला नाही : नोंदी वाढल्या, शिकवणे बदलले नाही. उत्तर प्रदेशात 2013-14 मध्ये ‘प्रथम’च्याच कार्यकर्त्यांनी शाळेत दहा किंवा वीस दिवसांची शिबिरे घेतली. वर्षअखेर शिबिरांच्या शाळांत जवळपास निम्मी मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचू लागली होती, तुलनेच्या शाळांत साधारण चौथा हिस्सा. शिक्षणातील प्रयोगांत एवढी मोठी वाढ क्वचितच आढळते.

बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या प्रयोगांचा उल्लेख झाला. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आणि आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, एवढे मराठी वृत्तपत्रांनी लगेच शोधून काढले, बालसखीचे नाव त्या मानाने कमी छापून आले.) क्रेमर आणि सहकाऱ्यांचे केनियातले काम याच मुद्द्याला दुसऱ्या बाजूने भिडते. तिथे मोफत पाठ्यपुस्तके वाटल्यावर फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांना झाला. इंग्रजीतले पुस्तक बाकीच्यांना वाचताच येत नव्हते. पुढे झांबियासह आफ्रिकेतील अनेक देशांनी भारतातली ही पद्धती स्वीकारली.

महाराष्ट्रात जून 2015 मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने प्रत्येक मूल प्रगत करण्याची भाषा सरकारी कामकाजात आणली. त्याच्या भोवतीची चर्चा मुख्यतः ज्ञानरचनावादाची (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते या विचाराची) होती, रंगवलेल्या फरशांची आणि मुलांनी हाताळायच्या साहित्याची. स्तरानुसार गट करणे ही त्याहून वेगळी कल्पना असली तरी शाळांत दोन्हींची सरमिसळ झाली. 2021 मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केल्यानंतर तिसरीपर्यंत पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हे जाहीर उद्दिष्ट झाले.

पद्धतीवर आक्षेप आहेत आणि काही वजनदार आहेत. ती उपचार आहे, प्रतिबंध नव्हे : पहिली-दुसरीत नीट शिकवले असते तर तिसरीत तिची गरजच पडली नसती. वाचन म्हणजे गोष्टीचा कागद वाचून दाखवणे एवढाच अर्थ उरण्याचा धोका आहे. शिवाय मोजमाप कोणते लावतो यावर यश ठरते. दिल्लीत संगणकाच्या साहाय्याने मुलाच्या पातळीनुसार शिकवणाऱ्या एका उपक्रमाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांनी गणितात साडेचार महिन्यांत 0.37 प्रमाण विचलन इतकी मजल मारली, पण शाळेच्या इयत्तेनुसार घेतलेल्या परीक्षेत ती वाढ ठळकपणे दिसली नाही, कारण त्या परीक्षेतले प्रश्न मुलांच्या अजूनही बरेच वर होते. बालसखीचा परिणामही टिकाऊ ठरला नाही : उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा आधी दिसलेल्या वाढीपैकी सुमारे 0.1 प्रमाण विचलन एवढीच शिल्लक होती. तोपर्यंत ती मुले बालसखीशिवाय नेहमीच्या वर्गात वर्षभर बसली होती.