महाराष्ट्रातील जैवतंत्रज्ञान उद्योग : गुंतवणुकीचा ओघ आणि बियाण्यावरील शुल्काचा वाद

देशाच्या जैवअर्थव्यवस्थेचे आकारमान २०१४ साली सुमारे १० अब्ज डॉलर होते, ते २०२१ मध्ये ८० अब्जांवर आणि २०२४ मध्ये १६५ अब्जांच्या पुढे गेले, असे सरकारी अहवाल सांगतात. राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र पहिला असून एकूण उलाढालीचा सुमारे पाचवा हिस्सा या राज्याचा आहे. मात्र या बेरजेत लस, बियाणे, औषधनिर्मिती आणि संशोधन सेवांबरोबरच उसापासून आणि धान्यापासून तयार होणारे इथेनॉलही धरलेले असते, आणि औद्योगिक उत्पादनांचा हा गट आज औषधांच्या गटापेक्षाही मोठा आहे. त्यामुळे आकडा सोळापट झाला म्हणून प्रयोगशाळांतील काम सोळापट झाले, असे कोणी समजू नये. राज्यात या क्षेत्रात पैसा प्रामुख्याने तीन ठिकाणी आला : पुण्याच्या पूर्वेकडील लसनिर्मितीत, जालन्याच्या बियाणे उद्योगात आणि साखर पट्ट्यातील डिस्टिलऱ्यांत. तिन्ही ठिकाणी तो कोणाच्या खरेदीच्या भरवशावर आला आणि दर ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे पाहिल्याशिवाय वाढीचा आलेख नीट वाचता येत नाही.

सुरुवात प्लेगपासून होते. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, १८९७ च्या जानेवारीत तेथेच प्लेगची लस तयार झाली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्या कामासाठी कायमची प्रयोगशाळा उघडली. स्वातंत्र्यानंतर पिंपरीत आंतरराष्ट्रीय मदतीने सरकारी प्रतिजैविक कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. १९६६ मध्ये पुण्यात, घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाने रक्तद्रवापासून धनुर्वातावरील औषध काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. त्याआधी त्यांचे घोडे परळच्या संस्थेला दिले जात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध आणि अन्न यांवरील उत्पादन पेटंट बंद करून केवळ प्रक्रियेला संरक्षण ठेवले, त्यामुळे पुढील तीन दशके स्वतःची प्रक्रिया शोधून स्वस्तात माल काढणे हाच येथील उद्योगाचा मार्ग ठरला.

१९८६ मध्ये केंद्रात जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग झाला. पुण्यात पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा आली. येथीलच एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने वाढवलेल्या बांबूला काही आठवड्यांतच फुले आली आणि १९९० मध्ये त्याची जगभर दखल घेतली गेली. ज्ञान असे हाताशी असतानाही त्याच्या आसपास कारखाने फारसे वाढले नाहीत. २००१ मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाप्रमाणे महाराष्ट्रानेही जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर केले आणि जैवतंत्रज्ञान उद्यानांसाठी हिंजवडी आणि जालना ही दोन ठिकाणे निवडली. हिंजवडीचे नाव पुढे माहिती तंत्रज्ञानाशी जोडले गेले. जालन्याकडे मात्र धोरणाच्या आधीपासूनच काहीतरी होते, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

जालन्यात संकरित बियाण्याचा खासगी उद्योग १९६४ पासून रुजला होता. संकरित वाणाचे बी शेतकऱ्याला दर हंगामात नव्याने घ्यावे लागते, म्हणजे विक्री दरवर्षी ठरलेली असते. परदेशी जनुक भारतात आणू पाहणाऱ्या अमेरिकी कंपनीला नेमके हेच हवे होते. १९९८ मध्ये तिने जालन्याच्या एका कंपनीत भागभांडवल घेतले आणि दोघींनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या जनुकाचा परवाना देणारी स्वतंत्र कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी हे जनुक असलेल्या, म्हणजे बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. त्यानंतर पन्नासच्या आसपास देशी बियाणे कंपन्यांनी प्रत्येकी ५० लाख रुपये आगाऊ आणि दर पाकिटामागे शुल्क देण्याचे करार केले.

हे शुल्क म्हणजे नेमके काय, याबद्दल आजही घोळ आहे. करारात त्याला ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हटले होते, म्हणजे बियाण्यातील विशिष्ट गुणधर्माचे मूल्य. वर्तमानपत्रे आणि शेतकरी त्याला ‘रॉयल्टी’ म्हणत. रॉयल्टी हा शब्द पेटंटशी जोडलेला आहे, आणि बीटीच्या पहिल्या पिढीच्या जनुकाला भारतात पेटंटच नव्हते. पेटंट मिळाले ते दोन जनुके असलेल्या दुसऱ्या पिढीला, ज्याची लागवड २००६ पासून सुरू झाली. म्हणजे पहिली काही वर्षे जे घेतले गेले ते कायद्याने मिळालेल्या मक्तेदारीचे भाडे नव्हते. तो दोन व्यापाऱ्यांमधील करार होता आणि त्याची किंमत शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जात होती. ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० ते १८५० रुपयांना विकले जात होते आणि त्यातले सुमारे १२५० रुपये या शुल्कापोटी जात. कोरडवाहू विदर्भातील दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यावर हा भार अन्याय्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले, पाकिटाचा दर ७५० रुपयांवर आला आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. २००९ मध्ये महाराष्ट्राने कापूस बियाण्याचा पुरवठा, विक्री आणि किंमत यांवर नियंत्रण आणणारा स्वतःचा कायदा केला.

या काळात गुंतवणूक थांबली नाही. दर निम्म्याहून खाली आले तरी क्षेत्र इतके वाढले की देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला आणि देशाची रुईची उत्पादकता २०१३-१४ मध्ये हेक्टरी साडेपाचशे किलोच्या वर गेली. जालना परिसरात बियाणे प्रक्रियेचे कारखाने, शीतगृहे आणि चाचणी प्रयोगशाळा वाढल्या. बियाणे उत्पादनात परागीकरणाचे हाताने करायचे काम हजारो मजुरांना, त्यातही स्त्रियांना, मिळाले. खरा प्रश्न डिसेंबर २०१५ मध्ये उभा राहिला. केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला, मार्च २०१६ मध्ये दुसऱ्या पिढीच्या बीटी पाकिटाची देशभरातील कमाल किंमत ८०० रुपये ठरवली आणि शुल्क सुमारे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणले. पहिल्या पिढीचे शुल्क शून्य केले.

शेतकऱ्याला दिलासा, अशा शब्दांत या निर्णयाचे वर्णन झाले. महाराष्ट्रापुरते पाहिले तर आधीच्या हंगामात पाकीट ८३० रुपयांना मिळत होते, म्हणजे शेतकऱ्याचे पाकिटामागे ३० रुपये वाचले. शुल्क मात्र ११४ रुपयांनी घटले. उरलेली रक्कम बियाणे कंपन्यांच्या वाट्याला गेली, कारण नव्या ८०० रुपयांपैकी ७५१ रुपये बियाण्याची किंमत म्हणून धरले होते. त्या वेळच्या वादात एका बाजूला परदेशी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी, असे चित्र रंगवले गेले. प्रत्यक्षात तो तंत्रज्ञान देणाऱ्या आणि तंत्रज्ञान घेणाऱ्या कंपन्यांमधील हिश्श्याचा झगडा होता आणि त्यात केंद्र सरकारने एक बाजू घेतली, असे कागदपत्रे पाहिल्यावर म्हणावे लागते. उत्तर भारतात पाकिटाचे दर याहून बरेच जास्त होते, तेथील शेतकऱ्याला अधिक फायदा झाला, हेही नोंदवले पाहिजे.

मे २०१६ मध्ये केंद्राने पुढचे पाऊल टाकले. परवाना मागणाऱ्या कोणत्याही पात्र कंपनीला तो ३० दिवसांत द्यावा आणि नव्या गुणधर्माचे शुल्क पहिल्या पाच वर्षांत कमाल विक्री किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. आठवड्याच्या आत ती मागे घेऊन मसुदा म्हणून हरकतींसाठी ठेवली गेली. गुंतवणूकदाराला कठोर नियमापेक्षा आज आलेला आणि उद्या मागे घेतलेला नियम अधिक धास्तावतो, आणि झालेही तसेच. त्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा मान्यतेसाठीचा अर्ज मागे घेतला गेला. दुसऱ्या पिढीच्या जनुकावरील पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द ठरवले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून पूर्ण सुनावणीचा आदेश दिला, आणि २०२१ मध्ये पक्षकारांनी आपसांत तडजोड केली. बियाण्यातील जनुकक्रमाला पेटंट मिळू शकते काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर त्यामुळे मिळालेच नाही. दरम्यान शुल्क ३९, मग २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. १९९९ च्या अर्जावरील पेटंटची वीस वर्षेही २०१९ अखेर संपली होती, म्हणजे चार वर्षे चाललेल्या या भांडणातून जे मिळाले ते मुदत संपल्यावर आपोआपच मिळणार होते. २०२५ च्या हंगामात शुल्क शून्य असूनही पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती.

याची झळ शेतावर दुहेरी बसली. गुलाबी बोंडअळीने दुसऱ्या पिढीच्या जनुकालाही दाद देणे बंद केले. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यातील कपाशी तिने पोखरली. त्या काळी पाकिटाबरोबर मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे कडेच्या ओळींत पेरायचे असे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. ते क्वचितच पेरले गेले आणि त्याची सक्तीने पाहणी कोणी केली नाही. भारतात बीटी लांब कालावधीच्या संकरित वाणांतच आणले गेले, कारण शुल्क वसूल करण्याची सोय त्यातच होती. लवकर तयार होणारी सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणे मागे पडली आणि अळीला हिवाळाभर खाद्य मिळत राहिले. शुल्काचा सगळा वाद पाकिटाच्या किमतीभोवती फिरत राहिला आणि वाणांच्या या निवडीकडे दुर्लक्ष झाले, याची मला सर्वाधिक खंत वाटते.

दुसरी झळ म्हणजे ‘चोर बीटी’. तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले बियाणे विदर्भात चोरून विकले जाऊ लागले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून कायदेभंग केला. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या तंत्रज्ञानाचा अर्ज मागे घेतला गेला, तेच विनाबिल, विनाचाचणी आणि विनाहमी गावागावांत पोहोचले, आणि त्यातून राज्याच्या अधिकृत उद्योगाला एक रुपयाही मिळाला नाही. फेब्रुवारी २०१० पासून स्थगित असलेले बीटी वांगे हेही जालन्याच्याच उद्योगाचे उत्पादन होते. त्याची लागवड पुढे बांगलादेशात झाली. शेतचाचण्यांसाठी राज्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राची अट आल्यानंतर महाराष्ट्राने २०१५ मध्ये काही पिकांना ते दिले, पण व्यापारी मान्यतेपर्यंत त्यातले एकही पीक पोहोचले नाही.

लसींच्या बाबतीत चित्र उलटे राहिले. पुण्याच्या कंपनीला १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीत प्रवेश मिळाला आणि आकारमान वाढवण्याचा आधार तोच झाला. आफ्रिकेतील मेंदूज्वरावरची लस २०१० मध्ये डोसामागे अर्ध्या डॉलरपेक्षा कमी दरात देता आली, कारण किती डोस लागतील आणि पैसे कोण देणार हे कारखान्याचा विस्तार होण्याआधीच ठरले होते. करोनाच्या काळातही परदेशी निधी उत्पादन सुरू होण्याआधी आला. पुण्याजवळच्या मांजरी येथील कारखान्यातून निघालेली लस १६ जानेवारी २०२१ पासून देशभर टोचली जाऊ लागली, तेव्हा केंद्राचा दर डोसाला सुमारे २०० रुपये होता. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या मागणीअभावी तिचे उत्पादन थांबवावे लागले. मुंबईतील सरकारी लसनिर्मिती महामंडळाला एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लसीच्या उत्पादनाची परवानगी आणि केंद्र-राज्याचा निधी मंजूर झाला, परंतु तेथून पुरवठा सुरू होण्याआधीच मागणी ओसरली.

इथेनॉलमध्ये खरेदीदार म्हणजे तेल कंपन्या, आणि दर केंद्र ठरवते. २०१८ पासून व्याज सवलतीच्या कर्जावर साखर कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणल्यावर हा ओघ अधिक वाढला. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या तुटवड्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर अचानक बंदी आली, आठवड्याभरात ती सैल झाली, आणि कोल्हापूर-सोलापूरच्या कारखान्यांनी कर्जाचे हप्ते कसे भरायचे याची चिंता केली. मे २०१६ मध्ये बियाण्याच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगाशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

नवउद्योगांना २०१२ पासून केंद्राच्या एका कंपनीमार्फत ५० लाख रुपयांपर्यंतचे प्रारंभिक अनुदान मिळते, आणि पुण्यातील उबवणी केंद्रांतून रोगनिदान आणि उपकरणांच्या क्षेत्रात बऱ्याच छोट्या कंपन्या निघाल्या आहेत. बियाण्याकडे मात्र या नव्या पैशातला फारच थोडा वळला. मार्च २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक न घालता केलेल्या जनुकसंपादनाला जुन्या कठोर नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये सरकारी संशोधन संस्थांची भाताची अशी दोन वाणे जाहीर झाली. त्यांत वापरलेल्या संपादन तंत्राची मूळ पेटंटे परदेशात आहेत आणि व्यापारी लागवडीसाठी त्यांचे शुल्क कोणी, किती आणि कोणत्या नावाने भरायचे, हे अद्याप ठरलेले नाही.