माउंटन बाइकच्या फ्रेममधलं इंटर्नल केबल राउटिंग

गिअरची केबल, मागच्या ब्रेकचा होज (ब्रेकच्या तेलाची नळी) आणि ड्रॉपर पोस्टची (चालवता चालवता खाली-वर होणारा सीटचा दांडा) केबल फ्रेमच्या बाहेरून क्लिपा लावत न नेता नळ्यांच्या आतून नेणं म्हणजे इंटर्नल केबल राउटिंग. चिखल-फांद्यांपासून केबल वाचते, बाइक सुटसुटीत दिसते, आणि आजकालच्या बहुतेक ड्रॉपरची केबल तशीही खालून सीट ट्यूबमध्येच (सीटखालची उभी नळी) शिरते. बदल्यात दोन कटकटी पदरात पडतात, एक म्हणजे केबल बदलायला लागणारा वेळ आणि दुसरी म्हणजे खडबडीत उतारावर डाउन ट्यूबमधून (हँडलकडून पेडलकडे तिरकी येणारी नळी) येणारी खडखड.

आवाजाचं कारण साधं आहे. ब्रेकचा होज साधारण 5 मिमी जाड, गिअरचा आउटर (केबलवरचं कव्हर) 4 मिमी, आणि डाउन ट्यूब त्यांच्या कितीतरी पट रुंद, आतून पूर्ण पोकळ. केबल दोन टोकांना धरलेली आणि मधली अर्ध्या मीटरहून जास्त लांबी मोकळी, त्यामुळे दणका बसला की ती आतल्या भिंतीवर आपटते आणि नळी तो आवाज ढोलासारखा मोठा करते. ज्या कार्बन फ्रेममध्ये आतच केबलच्या मापाची नळी बसवलेली असते तिथे हा प्रश्न जवळपास येतच नाही, एका बाजूने केबल ढकलली की दुसरीकडून बाहेर. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच फ्रेममध्ये मात्र नुसती भोकं आणि त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं बूच), बाकी मधलं सगळं तुमचं तुम्ही बघा.

फ्रेम उघडण्याआधी आवाज नक्की केबलचाच आहे ना ते बघायचं, कारण सैल ब्रेक पॅड, चेन किंवा ढिला हेडसेट (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचा जोड) पण असाच वाजतो. चाक जमिनीपासून वीतभर उचलून सोडायचं, मग केबल आत शिरते तिथे हाताने ताणून धरून परत सोडायचं, आवाज बदलला तर चोर सापडला.

उपायात सगळ्यात चांगला म्हणजे फोमची स्लीव्ह, लांब पोकळ नळीसारखी मिळते, होजवर चढवायची आणि होजसकट डाउन ट्यूबमध्ये सरकवायची. क्लोज्ड सेल (बंद छिद्रांचा) फोमच घ्यावा, दुसरा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. फोम अडकत असेल तर थोडं साबणाचं पाणी लावलं की सरकतो. भोक लहान असेल तर फोम तिथून जाणारच नाही, मग क्रँक (पेडलचे दांडे) आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो ती बेअरिंग) काढून खालून वर घालावा लागतो, म्हणून बॉटम ब्रॅकेट बदलायचंच असेल तेव्हा हे काम उरकून घेणं शहाणपणाचं. फोम नसेल तर झिप टायचा जुगाड आहे: होजवर थोड्या थोड्या अंतराने झिप टाय आवळायचे आणि शेपट्या न कापता वेगवेगळ्या दिशांना ठेवायच्या, त्या होजला भिंतीपासून लांब धरतात. चालतं, पण पुढच्या वेळी उलटं ओढताना शेपट्या अडकतात. स्प्रेने फुगणारा फोम नळीत भरायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडावेत, ती केबल मग सहजासहजी निघत नाही, शिवाय पाणी बाहेर जायची वाट बुजते ती वेगळीच.

जुनी केबल असताना नवी घालणं सोपं, इनर (आतली तार) फ्रेममध्येच ठेवून जुना आउटर ओढून काढायचा आणि त्याच इनरवरून नवा आउटर सरकवायचा. फ्रेम रिकामी असेल तर चुंबकाचं किट वापरतात, आत चुंबक लावलेली वायर आणि बाहेरून दुसऱ्या चुंबकाने तिला वाट दाखवायची. तेही नसेल तर एका भोकातून दोरा सोडायचा आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, ऐकायला गंमत वाटते पण दोरा येतो. ब्रेकचा होज सहसा लिव्हरकडून सोडवतात, तिथली दबलेली ऑलिव्ह (होज घट्ट धरणारी छोटी धातूची कडी) कापून टाकावी लागते, म्हणून दर वेळी होज थोडा आखूड होतो आणि नंतर बहुतेक वेळा ब्लीड करावं लागतं, म्हणजे तेलात शिरलेली हवा काढावी लागते. केबल हेडसेटमधून आत जात असेल तर काम अजून वाढतं, वरची बेअरिंग बदलायलाही अनेकदा होज सोडावा लागतो.

फुल सस्पेन्शनमध्ये (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली बाइक) एक गोष्ट जास्त सांभाळायची. मेन पिव्हटपाशी (मागचा भाग फिरतो तो मुख्य सांधा) केबल पुढच्या त्रिकोणातून चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) जाते आणि सस्पेन्शन दबलं की ते अंतर बदलतं. आवाज घालवायच्या नादात तिथे केबल ताठ ओढून ठेवली तर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर होज खेचला जाऊ शकतो किंवा गिअर आपोआप हलतो. शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबायचं, पिव्हटपाशी केबल कशी वळते ते बघायचं, आणि मगच पुढचे ग्रोमेट आवळायचे. ड्रॉपरच्या केबलचंही तसंच, सीटपोस्ट खाली ढकलताना हँडलकडून कुणीतरी आउटर ओढत राहायला हवं, नाहीतर जादाची लांबी सीट ट्यूबमध्ये गोळा होते आणि तिथे वेगळीच टकटक सुरू होते.

2019 मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅमने ईगल एएक्सएस आणलं, त्यात गिअर आणि ड्रॉपर दोन्ही वायरलेस, फ्रेममध्ये उरतो फक्त मागच्या ब्रेकचा होज. पण एकटा होजही वाजतो, त्याला फोम लागतोच.