चूक की अफरातफर? एक्सेलमध्ये दोन्ही सारखीच दिसतात

पुरवठादाराच्या स्टेटमेंटशी आपलं खातं जुळवायला बसलं आणि 27,000 रुपयांचा फरक निघाला, की जुना हिशेबनीस आधी त्या फरकाला नऊने भागून बघतो. 27,000 भागिले नऊ, बरोबर 3,000. मग तो बिलांच्या गठ्ठ्यात शेजारचे दोन अंक उलटे पडलेलं बिल शोधतो, आणि ते सापडतं: बिल 36,450 चं, नोंद 63,450 ची. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने हमखास पूर्ण भाग जातो. 12,000 चे 1,200 झाले तरी जातो. आणि फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं, तर ते जमेऐवजी नावे पडलेलं असण्याचा संभव असतो.

ही रीत संगणकाच्या आधीची आहे आणि आजही उपयोगी पडते. पण ती आकडा कसा चुकला एवढंच सांगते, का चुकला ते सांगत नाही. 36,450 चे 63,450 थकलेल्या बोटांनी होतात, तसे जाणूनबुजूनही होतात. शीटच्या चौकटीत दोन्ही वेळा आकडा तोच असतो.

व्याख्येत फरक सोपा आहे. ऑडिटरांसाठीचं एसए 240 हे मानक सांगतं की चूक आणि फसवणूक यांना वेगळं करतो तो हेतू. कंपनी कायदा 2013 चं कलम 447 तर कुणाचा प्रत्यक्ष फायदा किंवा तोटा झालाच पाहिजे असंही म्हणत नाही; फसवण्याचा हेतू पुरतो. पण शीटमध्ये रक्कम दिसते, तारीख दिसते, नाव दिसतं, हेतू दिसत नाही. तो आजूबाजूच्या नोंदींवरून ओळखावा लागतो. यात गफलत झाली तर दोन्हीकडून नुकसान होतं. साध्या चुकीपायी एखाद्या अकाउंटंटवर चोरीचा आळ येतो, आणि तो पुढे खोटा ठरला तरी माणसाच्या मनातून जात नाही. उलट, वर्षानुवर्षं चाललेली अफरातफर ‘टायपिंग मिस्टेक’ या दोन शब्दांवर सुटून जाते.

पहिली खूण दिशेची. नकळत झालेल्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. पेटी कॅशचा, म्हणजे ऑफिसच्या किरकोळ खर्चाच्या रोकडीचा, वर्षभराचा फरक महिन्यागणिक एका कॉलममध्ये मांडा. कधी 40 रुपये जास्त, कधी 120 कमी, पुन्हा 80 जास्त असं दिसलं आणि बेरीज शून्याच्या आसपास आली, तर ती सुट्ट्या पैशांची आणि धांदलीची गोष्ट आहे. बाराही महिने फरक कमीकडेच असेल तर रक्कम लहान असली तरी तो थांबून बघण्याचा आकडा आहे. हैदराबादच्या सत्यम कंप्यूटर्सच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी दिलेल्या कबुलीपत्रातले आकडे या नजरेने वाचून पाहा. रोख आणि बँकेतली शिल्लक फुगवलेली, न मिळालेलं व्याज मिळकतीत धरलेलं, येणी वाढवलेली, देणी कमी दाखवलेली. चारही ठिकाणी आकडा एकाच बाजूला सरकला होता, कंपनी आहे त्याहून श्रीमंत दिसावी म्हणून. चुका इतक्या एकमताने होत नाहीत.

मात्र नुसत्या दिशेवर थांबू नये, कारण फॉर्म्युल्यातली चूकही एकाच बाजूला पडते. 12 टक्क्यांच्या जागी 18 टक्के लिहिले गेले तर प्रत्येक ओळीत कर जास्तच निघेल. इथे दुसरी खूण कामाला येते, आणि माझ्या मते ती सगळ्यांत भरवशाची आहे: यंत्राची चूक माणसं निवडत नाही, अफरातफर निवडते. याचं उदाहरण कंपनीच्या हिशेबातलं नाही, अर्थशास्त्रातलं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांच्या शीटमध्ये सरासरीचा फॉर्म्युला पाच ओळी आधीच थांबलेला आढळला. गळालेले देश होते ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. इंग्रजी वर्णमालेने यादी लावली तर पहिले पाच; शीटमध्ये यादी उलटी असल्याने ते तळाशी होते. सोयीचे निकाल ठेवून गैरसोयीचे वगळायचे असते तर ती निवड वर्णमालेच्या क्रमाने आली नसती. निबंधाच्या इतर बाबींवर वाद झाले, पण ही एक्सेलची चूक लेखकांनी लगेच मान्य केली.

आपल्या शीटवर हाच प्रश्न पिव्होट टेबलने, म्हणजे ओळींचे गट पाडून बेरजा दाखवणाऱ्या एक्सेलच्या सोयीने, विचारता येतो. चुकलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि पुरवठादारानुसार, नोंद करणाऱ्यानुसार, महिन्यानुसार मांडा. जादा दर चाळीसही पुरवठादारांना लागला असेल तर फॉर्म्युला तपासा. चाळिसांतल्या तिघांनाच लागला असेल, आणि त्या तिघांची बिलं एकाच टेबलावरून मंजूर होत असतील, तर आता विचारायचा प्रश्न बदलला.

पण हे करण्याआधी एक्सेल स्वतः काय काय बिघडवतं ते माहीत हवं. मी हे पोटतिडकीने सांगतो, कारण एका कारखान्याचं पगारपत्रक तपासताना आम्ही जवळजवळ मोठा अन्याय करून बसलो होतो. बँक खाते क्रमांकांवर काउंटइफ, म्हणजे एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन, लावलं आणि दोन कंत्राटी कामगारांचा खाते क्रमांक एकच निघाला. एकाच खात्यात दोन पगार, म्हणजे बोगस कामगार, असा तर्क लगेच झाला. पगार बघणाऱ्या ताईंना खोलीबाहेर बसवून चर्चा सुरू झाली. दोघांची पासबुकं मागवली तेव्हा कळलं की क्रमांक सोळा अंकी आहेत आणि शेवटचा अंक वेगळा आहे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरतं, सोळावा शून्य करून टाकतं. त्याहून घातक म्हणजे क्रमांक मजकूर म्हणून नीट साठवलेला असला तरी काउंटइफ मोजताना त्याला संख्या समजतं, आणि पहिले पंधरा अंक जुळले की दोन वेगळी खाती एकच ठरवतं. एकाच गावातल्या शाखेत एकाच दिवशी खाती उघडलेल्या दोन माणसांचे पंधरा अंक जुळणं अगदी स्वाभाविक होतं. तेव्हापासून मी क्रमांकाच्या पुढे एक अक्षर जोडतो आणि मगच मोजतो.

तारखांचंही तसंच. सुट्टीच्या दिवशी झालेल्या नोंदी शोधणं ही अफरातफरीची नेहमीची चाचणी आहे. आता 03/05/2023 ही तारीख घ्या. आपल्याकडे हा 3 मे, बुधवार. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल तिला 5 मार्च वाचतं, आणि 5 मार्च 2023 ला रविवार होता. सरळ बुधवारची नोंद रविवारची झाली, वर मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडली. ज्या तारखांचा दिवस बारापेक्षा मोठा आहे त्या एक्सेलला वाचताच येत नाहीत, त्या मजकूर म्हणून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटून राहतात. ‘रविवारच्या नोंदी’ खूप निघाल्या आणि तारखांचा कॉलम अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे दिसला, तर दोष सेटिंगचा आहे.

आता बेनफर्डच्या नियमाकडे येऊ, कारण हल्ली त्याची फार चर्चा असते आणि त्याच्यावर नको तितकं ओझं टाकलं जातं. सायमन न्यूकोम्ब यांनी 1881 मध्ये आणि फ्रँक बेनफर्ड यांनी 1938 मध्ये मांडलेली ही गोष्ट: नैसर्गिकपणे गोळा झालेल्या रकमांत पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण सुमारे 30.1 टक्के, 2 चं 17.6, आणि उतरत उतरत 9 चं अवघं 4.6 टक्के. मनाने रचलेल्या आकड्यांत हा उतार सहसा जमत नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या खजिन्यातल्या एका व्यवस्थापकाने 1992 मध्ये सुमारे 19 लाख डॉलरचे 23 बोगस चेक काढले. त्याने एकही रक्कम पुन्हा वापरली नव्हती, पूर्णांकी रकमा टाळल्या होत्या, सेंटही घातले होते. तरीही बहुतेक रकमा एक लाख डॉलरच्या किंचित खाली होत्या आणि नव्वद टक्क्यांहून जास्त रकमांचा पहिला अंक 7, 8 किंवा 9 होता. चूक मंजुरीच्या मर्यादेपाशी येऊन थबकत नाही. जो थबकतो त्याला मर्यादा माहीत असते.

पण तसा ढीग दिसला म्हणजे चोरी, असंही नाही. नऊ हजार नऊशे रुपयांची रोख व्हाउचरं आपल्याकडच्या कुठल्याही कंपनीत सापडतील, कारण एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च सहसा वजा मिळत नाही. अकाउंटंट ही मर्यादा जपतो ती पैसे खाण्यासाठी नव्हे. कुरियरवाला दर महिन्याला 850 रुपयेच लावत असेल तर 8 चा उंचवटा दिसणारच. ठरावीक भाडं, ठरावीक फी, ठरावीक दर असलेल्या डेटाला बेनफर्ड लावूच नये. मर्यादेखालच्या रकमांत बघायचं ते हे, की एकाच कामाचं बिल फोडून एकाच पुरवठादाराला लागोपाठच्या दिवसांत दिलंय का, आणि जोडलेली बेरीज मंजुरीची पायरी ओलांडते का.

पुरवठादारांच्या यादीत आपल्याकडे एक सोय आहे, तिचा उपयोग फार कमी लोक करतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मिड फंक्शनने ती वेगळी काढायची. पॅनचं चौथं अक्षर कंपनीला सी, व्यक्तीला पी असतं. नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि चौथं अक्षर पी, असं आढळलं तर एकतर यादी भरताना ओळ घसरली आहे, किंवा नाव खोटं आहे. घसरलेली ओळ ओळखू येते, कारण तिच्या वरच्या-खालच्या ओळीही घसरलेल्या असतात. मग हाच पॅनचा कॉलम पगारपत्रकातल्या पॅनशी जुळवा. तिथे जुळलं तर ‘ओळ घसरली’ हे उत्तर चालत नाही; पुरवठादार आपल्याच ऑफिसात बसतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो दुबार पेमेंटमध्ये. बिल क्रमांक एकदा ‘045’, एकदा ‘45’, एकदा वर्षासकट लिहिला गेला की तेच बिल दोनदा चढतं, आणि हे प्रामाणिक ऑफिसात सर्रास होतं. पहिल्या आणि दुसऱ्या पेमेंटच्या ओळी शेजारी ठेवल्या तरी काही कळणार नाही. कळतं ते पुढच्या प्रवासावरून. दुसरं पेमेंट त्याच बँक खात्यात गेलं, पुरवठादाराने स्टेटमेंटमध्ये ती रक्कम जमा दाखवली आणि पुढच्या बिलातून वळती झाली, तर विषय संपला. पेमेंटच्या दोन दिवस आधी खाते क्रमांक बदलला आणि आठवड्याने मूळचा परत टाकला, असं दिसलं तर ती चूक नाही. चूक उलगडते ती कुणीतरी दाखवून दिल्यावर. आपण होऊन, गुपचूप, काम झाल्यावर ती पूर्वपदावर येत नाही. सुरुवातीच्या 63,450 च्या नोंदीलाही हाच प्रश्न विचारायचा: वरचे 27,000 प्रत्यक्ष गेले का, आणि गेले असतील तर कुणाकडे थांबले?

हा मागचा-पुढचा प्रवास आता शोधता येतो. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी व्यवस्था 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची आहे. त्यामुळे फक्त व्हाउचरांची यादी एक्सेलमध्ये घेऊ नका, बदलांची नोंदही मागा. चूक दुरुस्त करणारा बहुधा नवी उलट नोंद करतो आणि खाली कारण लिहितो. लपवणारा महिना बंद झाल्यावर जुन्या व्हाउचरात शिरतो.

शेवटी एक मर्यादा सांगायलाच हवी. एक्सेलमध्ये आपण बहुतेक वेळा कंपनीचे आकडे कंपनीच्याच आकड्यांशी ताडून बघतो. सत्यमच्या पुस्तकात रोख आणि बँक शिल्लक 5,361 कोटी होती, त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. तिथे बिलं, खाती, मुदतठेवी एकमेकांशी जुळवलेल्या होत्या. तिथे चूक शोधणारा रिकाम्या हाताने परतला असता. अशी अफरातफर चुकीसारखी दिसत नाही, ती बिनचूक दिसते. तिच्यासाठी बँकेकडून थेट आलेला शिलकीचा दाखला लागतो, कंपनीच्या हातून आलेला नव्हे. पुरवठादाराचं बिल त्याच्या रिटर्नमधून आपल्या जीएसटी पोर्टलवर उमटलं का, हेही तसंच बाहेरून बघता येतं. तिथेही तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा छोटा व्यापारी आणि बोगस बिल देणारा सुरुवातीला सारखेच गैरहजर असतात. पहिल्याचं बिल पुढच्या तिमाहीत दिसतं. तोवर शीटमध्ये त्याच्या नावापुढे मी ‘संशयित’ लिहीत नाही, ‘कागद बाकी’ लिहितो.