व्हिज्युअल नॉव्हेलमधील यादृच्छिक पार्श्वध्वनी

व्हिज्युअल नॉव्हेल हा मुख्यतः वाचण्याचा गेम. पडद्यावर पात्रांची चित्रे, खाली संवादाची चौकट, क्लिक केले की पुढचे वाक्य. संवाद चालू असताना मागे कोणता आवाज कधी वाजावा हे आधी न बांधता, थोड्या ध्वनींच्या संचातून संगणकाला ऐनवेळी निवडू देणे म्हणजे यादृच्छिक पार्श्वध्वनी.

ही गरज वाचकाच्या वेगातून येते. चित्रपटात कुठल्या क्षणी काय ऐकू येणार हे संकलनातच ठरते. इथे तेच वाक्य एक जण दोन सेकंदांत वाचून पुढे जातो, दुसरा त्यावर अर्धा मिनिट रेंगाळतो. त्यामुळे ध्वनी घड्याळाला बांधता येत नाही. एकच फीत पुन्हापुन्हा वाजवणे, म्हणजे लूप, हा सोपा उपाय. पण ३० सेकंदांच्या लूपमध्ये एकदा कुत्रा भुंकला, तर १० मिनिटांच्या प्रसंगात तो ठरल्या वेळी २० वेळा भुंकणार. चौथ्या-पाचव्या खेपेला लक्ष संवादावरून उडून कुत्र्यावर जाते आणि प्रसंग मोडतो.

व्हिज्युअल नॉव्हेलची मुळे जपानमध्ये आहेत. चुनसॉफ्ट कंपनीने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्रासाठी (कन्सोलसाठी) ‘ओतोगिरिसो’ हा गेम काढला आणि त्याला ‘साउंड नॉव्हेल’ म्हटले. नावातच ध्वनीला मान होता. अक्षरे उमटताना टिकटिक वाजवण्याची रीतही कन्सोल गेममध्ये मुरलेली आहे. २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये पात्रागणिक हा आवाज वेगळा आहे, काही पात्रांना तर एकच टिकटिक न देता, अनेक ध्वनींतून दर वेळी एक उचलला जातो. तो गेम व्हिज्युअल नॉव्हेल नव्हे, पण त्याचे अनुकरण या क्षेत्रात भरपूर होते.

आज हौशी मंडळी बहुधा रेनपाय हे मोफत इंजिन, म्हणजे असे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, वापरतात. टॉम रॉथमेल यांनी ते २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्यात नेहमीच्या एका चॅनलवर, म्हणजे आवाजाच्या एका वाटेवर, नवा ध्वनी सुरू केला की आधीचा तुटतो. म्हणून पार्श्वध्वनींसाठी वेगळे चॅनल नोंदवावे लागते, नाहीतर दार आपटल्याचा आवाज बेडकाचे डराव अर्ध्यात कापतो. चॅनलवरची रांग रिकामी झाली की आपण दिलेले फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, बोलावण्याची सोय इंजिनमध्ये आहे. त्या फंक्शनने पुढचा ध्वनी निवडायचा आणि रांगेत लावायचा, एवढेच काम.

पावसाळी रात्रीचा प्रसंग घेऊ. तळाशी पावसाची संथ सर, लूपमध्ये. सलग आवाजात लूपचा सांधा लपतो. वरच्या चॅनलवर पाच सुटे ध्वनी: बेडूक, पत्र्यावरचा थेंब, लांबून जाणारी गाडी, कुत्रा, वाऱ्याने हललेली खिडकी. आता नुसती सरळ निवड केली, तर एकच ध्वनी लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता दर वेळी पाचात एक असते. गणिताला ते मान्य आहे, कानाला नाही. बेडूक हुबेहूब तसाच दोनदा ओरडला की ऐकणाऱ्याला फीत अडकल्यासारखी वाटते. म्हणून पत्ते पिसून एकेक वाटावा तसा संच वाटतात आणि नव्या पिसणीचा पहिला ध्वनी मागच्या शेवटच्यासारखा नाही ना, एवढे तपासतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शांतता. रेनपायच्या रांगेत ठरावीक सेकंदांची शांतताही फितीसारखीच लावता येते. दोन ध्वनींमध्ये कधी ६, कधी २५ सेकंद जाऊ दिले की रात्र खरी वाटते. नवख्यांच्या गेममध्ये ध्वनींची निवड सहसा चांगली असते, पण मधली जागा फार थोडी सोडलेली असते.

अक्षरांच्या टिकटिकीसाठी पात्राला कॉलबॅक, म्हणजे ठरावीक क्षणी इंजिन आपणहून बोलावते असे फंक्शन, जोडतात: वाक्य उमटू लागले की आवाज सुरू, पूर्ण उमटले की बंद. एकाच ‘टिक’चा स्वर थोडा वरखाली केला तरी पुरते. अर्धस्वराचा फरक म्हणजे वारंवारितेत सुमारे ६ टक्के. मराठी मजकुरात मात्र जपावे लागते. ‘क्षि’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपी-संकेतात, चार चिन्हांचे असते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. चिन्हे मोजून टिकटिक वाजवली तर एका अक्षराला चारदा ‘टिक’ वाजते आणि जोडाक्षरांनी भरलेले वाक्य उगाच घाईत बोलल्यासारखे ऐकू येते. मराठीत अक्षरे मोजली पाहिजेत, चिन्हे नव्हेत.

कथेला ज्याचा अर्थ आहे तो आवाज यादृच्छिक ठेवू नये. जिन्यावरच्या पावलांवरून खुनी ओळखायचा असेल, तर ती पावले प्रत्येक वाचकाला, त्याच वाक्याला ऐकू यायला हवीत. रेनपायमध्ये मागे जाऊन संवाद पुन्हा वाचता येतो; तिथे यादृच्छिक निवडीसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे साधे रँडम वापरले तर दुसऱ्यांदा निवड बदलू शकते, इंजिनचे स्वतःचे रँडम वापरल्यास तीच राहते. वाचक संवाद भराभर वगळत असताना टिकटिक बंद ठेवावी लागते, नाहीतर नुसता खडखडाट होतो. आणि दृष्टिहीन वाचक इंजिनची मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय वापरत असेल, तर टिकटिक पूर्ण थांबवून पार्श्वध्वनी खाली आणायला हवेत, कारण त्याच्यासाठी बोललेला शब्द हाच सगळा मजकूर असतो.