वरून सुकी, आत ओली

सांगलीत परसातली वांगी-टोमॅटो तहानेनं जातात त्यापेक्षा गुदमरून जास्त जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. नदीकाठची काळी माती, दारात नळ किंवा बोअर आणि संध्याकाळी हातात पाईप घेऊन उभं राहायची हौस. तिन्ही एकत्र आलं की मुळांची हवा बंद झालीच म्हणून समजा.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, त्यातला ऑक्सिजन मुळं घेतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या, की त्याला पाण्यातून वाट काढत यावं लागतं आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मुळांची ताकद संपते, पाणी ओढणं थांबतं आणि चिखलात उभं असलेलं रोप चक्क मान टाकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी एक बादली ओततो. खालची पानं पिवळी पडत असतील आणि माती बोटांना चिकटत असेल, तर ती बादली तशीच ठेवून द्यावी.

मान टाकायचा दुसराही एक प्रकार आहे. एप्रिलमध्ये दुपारी दोनला दोडक्या-काकडीची पानं लोंबलेली दिसतात. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वाढलेला असतो, एवढंच. ऊन उतरलं की तीच पानं ताठ होतात. रोपाची तहान दुपारी ओळखू नये, सकाळी ओळखावी. उजाडतानाही पान मलूल असेल, तर मात्र मुळाशी ओल नाही किंवा मुळंच बिघडलीत.

मातीचं खरं उत्तर खुरप्याच्या टोकाला असतं. वाफ्यात वीतभर खोल खुरपं घालून तळची मूठभर माती काढा आणि दाबा. लाडू वळला आणि अंगठ्यानं टिचकताच फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी आहेत, पाणी नको. लाडू वळतच नाही, ढेकूळ कोरडं तुटतं, तर पाणी द्या. बोटांमध्ये चकचकीत पट्टी निघत असेल, तर पुढचे काही दिवस पाईपकडे बघूसुद्धा नका. वरचा इंचभर थर मात्र कधीच विचारात घेऊ नये. तो दोन तासांच्या उन्हात पांढरा पडतो आणि खाली सगळं ओलं असतं.

आता थोडा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या भर उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीच्या वाफ्यातून दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. फूटभर खोल काळी माती रोपाला उपयोगी पडेल असं ४५ ते ६० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. त्यातलं निम्मं संपेपर्यंत रोपाला ताण जाणवत नाही. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा चार दिवसांनी एकदा, चौरस मीटरला २५ लिटरच्या आसपास, सावकाश मुरवून दिलेलं पाणी पुरतं. थंडीत हाच काळ आठवड्यावर जातो. नव्या बंगल्याभोवती भरावाचा मुरूम असेल, तर गणित उलटं होतं. तो निम्म्याहून कमी पाणी धरतो; तिथं एक-दोन दिवसांनी, पण थोडंथोडं द्यावं लागतं. मेथी-कोथिंबिरीची मुळं वरच असतात, त्यांनाही तसंच. शेजारच्यांचं वेळापत्रक आपल्या वाफ्याला लागू पडत नाही ते यामुळेच.

काळ्या मातीला भेगा पडू देऊ नयेत. पडल्याच, तर एकदम ओतलेलं पाणी भेगांतून थेट खाली निघून जातं. आधी हलकं शिंपडावं, माती फुगून भेगा मिटल्या की मग मुख्य पाणी द्यावं. त्यावर उसाचं पाचट अंथरलं तर बाष्पीभवन बरंच कमी होतं, आणि पाचटाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा!

टोमॅटोला तर पाण्यातला अनियमितपणा अजिबात खपत नाही. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भिजवलं की फळ तडकतं. बुडाला काळा खोलगट डाग पडतो, तो बहुधा रोग नसतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं; ओल कमी-जास्त झाली की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही.

पाणी मुळाशी द्यावं, पानांवर नको, हे तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांना सांगायला नको. पान रात्रभर ओलं राहिलं की केवडा हा पानांवरचा रोग येतो, ही धास्ती ते हंगामभर बाळगून असतात. काकडीवरचा केवडा आणि टोमॅटोवरचा करपा यांनाही तीच ओल लागते. दुपारी पानांवरचे थेंब भिंगासारखे ऊन एकवटून पान जाळतात, हे मात्र फारसं खरं नाही. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांनी चट्टे पडले नाहीत. मेणचट केसांवर थेंब अधांतरी धरणाऱ्या पानांवर मात्र पडू शकतात.

जास्त पाण्याचा खरा हिशोब बघायचा तर कृष्णाकाठच्या वाळवा-मिरज भागातल्या क्षारपड जमिनी बघाव्यात. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं, निचरा नव्हता, भूजल वर आलं, पृष्ठभागावरून पाणी उडून गेलं आणि क्षार तिथंच राहिले. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम चालतं. शेतात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात.

कुंडीच्या काठावर जमणारा पांढरा थर हे त्याचंच घरगुती रूप. रोज अर्धा तांब्या पाणी दिल्यानं क्षार खाली जात नाहीत, वरच साठतात. अधूनमधून तळातून पाणी वाहेपर्यंत कुंडी भिजवावी. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी रोज घालू नये, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या साबणाचं नको, कारण त्यातला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करून पोकळ्या बुजवतो आणि माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते. अशा मातीत जिप्सम घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. पण हटलेला सोडियम वाहून जायला खाली वाट हवी. तेव्हा जिप्समची पिशवी आणण्याआधी कुंडी उचलून तळाचं भोक बुजलंय का ते बघावं.