प्रिंट नेमकी कुठे अडकली आहे? रांगेत की प्रिंटरच्या पोटात?

प्रिंट दिली, आली नाही. पुन्हा दिली, तरी नाही. मग प्रिंटर बंद-चालू, कॉम्प्युटर बंद-चालू, शेवटी प्रिंटरच्या पाठीवर दोन थापा. जुना प्रिंटर असला की हा कार्यक्रम ठरलेला. यातली निम्मी खटपट वाया जाते, कारण प्रिंट अडकलेली असते एकीकडे आणि आपण झटत असतो दुसरीकडे.

प्रिंटची आज्ञा दिल्यावर मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. स्पूलर, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम, तो आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेतो आणि प्रिंटरला झेपेल तसा पुढे सरकवतो. विंडोजमध्ये हा साठा सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत, प्रिंटर्स नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तिथे बहुधा प्रत्येक कामाच्या दोन फाइल्स दिसतात. एसपीएल म्हणजे छापायचा मजकूर, एसएचडी म्हणजे त्या कामाची चिठ्ठी: कोणी दिलं, कोणत्या प्रिंटरला दिलं. हे सगळं डिस्कवर असल्यामुळे प्रिंटर दहा वेळा बंद केला तरी ते पुसलं जात नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावरही तेच काम पुन्हा रांगेत हजर!

पोटातली गोष्ट निराळी. प्रिंटरची स्वतःची मेमरी असते, जुन्या यंत्रात अगदी तुटपुंजी. तिथे पोचलेला मजकूर रांगेच्या खिडकीत दिसेलच असं नाही, म्हणून रांग रिकामी असूनही पानं येत राहतात. मात्र ही मेमरी विजेवर जगते. प्लग काढून अर्धा मिनिट थांबलं की साफ.

ओळखायचं कसं? कॉम्प्युटरकडून येणारी केबल उपटा. मग प्रिंटर बंद करून चालू करा. गप्प बसला आणि खिडकीत काम तसंच दिसतंय, तर ते रांगेत अडकलंय. उलट प्रिंटर बंद करण्याआधीच रांग रिकामी आहे, पण दिवा लुकलुकतोय, तर पोटात काहीतरी अर्धवट आहे. जुन्या लेझर प्रिंटरवर पान पूर्ण भरलं नाही की तो पुढच्या मजकुराची वाट बघत बसतो. फॉर्म फीडचं बटण असेल तर ते दाबल्यावर पान बाहेर पडतं.

दोन्हीकडे घोळ असेल तेव्हा क्रम चुकवू नका. छपाई चालू असताना नुसता प्रिंटर बंद केलात, तर चालू झाल्यावर स्पूलर उरलेला मजकूर मधूनच ओतायला लागतो. हे चित्र आहे की अक्षरं, ते सांगणारी सुरुवातीची सूचना गेलेली असते. मग प्रिंटर सगळं अक्षरंच समजतो, आणि पानामागून पान, वर एखादी ओळ अगम्य चिन्हांची, खाली कोरं. कागदाचा अख्खा गठ्ठा असा संपतो.

म्हणून आधी प्रिंटर बंद. मग विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या खिडकीत जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, त्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइल्स पुसा (फोल्डर नव्हे), स्पूलर सुरू करा आणि सगळ्यात शेवटी प्रिंटर. ‘डिलीटिंग’ म्हणत तासभर लटकलेलं कामही याने जातं. लिनक्सवर ‘कॅन्सल’ आज्ञेला वजा ए जोडलं की रांग रिकामी होते.

एवढं करूनही प्रिंट येत नसेल, तर यादीत त्याच प्रिंटरचं नाव पुढे ‘कॉपी १’ लागून दुसऱ्यांदा आलंय का बघा. यूएसबी केबल दुसऱ्या भोकात घातल्यावर विंडोज कधीकधी त्याला नवा प्रिंटर समजतं, आणि आपण मात्र जुन्याच नावावर प्रिंट देत राहतो.